वर येईपर्यंत

रिया पाण्यात पडेल, ही भीती मला जागं ठेवत नाही. त्या भीतीचा मी बंदोबस्त करून ठेवलेला आहे. होडीवर पाऊल टाकलं की तिच्या अंगात लाल जाकीट, जाकिटाला दोरी, दोरीचं दुसरं टोक डोलकाठीच्या बुंध्याला. गाठ जासिंतने मारलेली असली तरी मी ती एकदा ओढून बघते आणि तो एकदा उसासा टाकतो. असा आमचा संसार. त्या रात्री निवतीच्या किनाऱ्याआड नांगर टाकून पडलो होतो, पाणी शांत होतं, आणि मला झोप आली नाही ती वेगळ्याच गोष्टीमुळे. मी पडले तर?

म्हणजे असं बघा. जासिंत खाली केबिनमध्ये आडवा झालेला, सुकाणू माझ्या हातात. मी भांडी विसळायला बादली पाण्यात सोडते, बादलीला हिसका बसतो आणि मी गेले. पोहायला मी लग्नानंतर शिकले. म्हणजे शिकले असं जासिंत लोकांना सांगतो. रिया हे सगळं बघते. तिला वाटतं, मम्मा गंमत करते आहे. ती हसते. होडी आपली पुढे जात राहते. मग केव्हातरी जासिंत डोळे चोळत वर येतो, विचारतो, मम्मा खंय? आणि माझी चार वर्षांची लेक हात फिरवून त्याला सगळा अरबी समुद्र दाखवते.

सकाळी चहा देताना मी हे नवऱ्याला सांगितलं. त्याने आधी कप खाली ठेवला.

"रातभर ह्याच करीत होतस?"

"रात्रभर नाही. पहाटे थोडी डुलकी लागली."

"मास्तरीण बाय, मरणाचासुद्धा पाठटाचण काढून ठेवलंस तू."

मी मालवणात हायस्कुलात विज्ञान शिकवते. माहेर कुडाळचं, म्हणजे लाटांशी संबंध फक्त ध्वनी आणि प्रकाशाच्या धड्यापुरता. घाबरले की मी पुस्तकी बोलायला लागते, हे जासिंतचं निरीक्षण आहे आणि ते खरं आहे. तो मासेमारीच्या होड्यांची इंजिनं दुरुस्त करतो, पण जीव सगळा शिडात. गोव्यात कुणीतरी टाकून दिलेली फायबरची एक जुनी शिडाची होडी त्याने आणली, दोन पावसाळे तिच्या पोटात डोकं घालून बसला आणि तिचं नाव ठेवलं 'सायबीण', म्हणजे देवमाता. माझं नाव ठेवेल असं मला वाटलं होतं. नाताळच्या सुट्टीत त्याच्या आईकडे आरोंद्याला जायचं होतं. सासूबाईंनी घराजवळच्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसाकडे, लदीन ठेवली होती. संध्याकाळी खुरसापुढे वाडी जमते, मेणबत्त्या लागतात, प्रार्थना आणि गाणी होतात, मग उकडलेले चणे वाटतात; एवढंच. एसटीने सकाळी निघून दुपारी पोचलो असतो. पण स्वतःची होडी असलेला माणूस एसटीने जात नाही.

चहा संपवून जासिंत गंभीर झाला. हे त्याचं चांगलं आहे, थट्टा केली तरी गोष्ट विसरत नाही. म्हणाला, गोव्यात शिड शिकवणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी एक शिकवलं होतं. माणूस पाण्यात पडला की बाकीच्यांनी दोऱ्या ओढाव्यात, सुकाणू फिरवावं, काय ते करावं. पण एकाने दुसरं काहीही करायचं नाही. त्याने पडलेल्या माणसाकडे बोट दाखवायचं आणि नजर हलवायची नाही. होडी वळते, दिशा बदलतात, लाटांत डोकं दिसेनासं होतं, पण बोट असेल तर होडीला परत जागा सापडते. माणूस वर येईपर्यंत ते बोट खाली येता कामा नये.

"चार वर्षांच्या मुलीला हे जमेल?"

"तिका नाय जमतला तर कोणाक? दुकानात एकदा बोट दाखवल्यान काय वस्तू मिळेपर्यंत खाली येता?"

हे मात्र खरं होतं.

मतलई वाऱ्यावर आम्ही निघालो. जमिनीकडून येणारा हा वारा सकाळभर साथ देतो आणि मग दमून बसतो. वेंगुर्ला मागे पडलं, ऊन अंगाला लागायला लागलं, आणि रेडीच्या अलीकडे, किनारा हिरव्या रेघेसारखा दिसतो एवढ्या अंतरावर, जासिंत म्हणाला, चल, शाळा भरव.

पाण्यात टाकायला काहीतरी हवं होतं. निघताना शेजारच्या पूजाने एक असोला नारळ हातात दिला होता. वाटेत समुद्राक देवा, म्हणाली होती. तिच्या घरात होडी सुटताना देतात. आम्ही तसं काही करत नाही, पण शेजारणीचं मन कसं मोडायचं, म्हणून तो पायाशी गडगडत होता. जासिंतने उचलला, माझ्याकडे बघितलं.

"रॉविना, तुझ्या भावासारखो दिसता गो. तसोच टकलो, तसोच गोल."

"माझ्या भावाला काही बोलायचं नाही."

"मेवणो पडलो!" त्याने नारळ पाण्यात भिरकावला. "रिया, मेवणो पडलो! बोट!"

रियाला आधी नुसतं हसू आलं. मग मी तिला उचलून कठड्याशी उभं केलं, तिचा हात धरून नारळाकडे केला आणि सांगितलं, "हा खेळ नाही, काम आहे. तो वर येईपर्यंत बोट खाली करायचं नाही. कोणी काही सांगितलं तरी नाही. मम्माने सांगितलं तरी नाही."

शेवटचं वाक्य मी कशाला जोडलं? शिक्षकांना खोड असते, नियम घट्ट करायची.

होडी वळली. शिड फडफडलं, मी चुकीची दोरी ओढली, मग बरोबरची ओढली. रियाचं बोट ताठ. ओठ घट्ट मिटलेले. लाटेआड नारळ गेला की मला दिसेना, पण बोट तिथेच होतं, आणि लाट सरली की बोटाच्या टोकाशी नारळ. मला काय वाटलं म्हणून सांगू! रात्रभराची ती भीती तिच्या त्या एवढ्याशा बोटाच्या टोकावर येऊन गप्प बसली. मी हर्षभराने ओरडायला लागले. आमच्या मैदानावर मागच्या रांगेपर्यंत जातो तो आवाज लावून. "इलंव रे, इलंव! दम धर! सोडून नाय जाणंव तुका! इलंव!"

"अगो, मालवणी बोलतस!" जासिंत सुकाणूवरून हसला.

मागच्या शिडीवरून वाकून त्याने नारळ उचलला. रियाने बोट खाली केलं आणि टाळ्या वाजवल्या. परत, म्हणाली. परत टाकला, परत उचलला. पुन्हा टाकला. दर वेळी मी ओरडत होते, दर वेळी नवीन काहीतरी: घाबरू नको, आम्ही आहोत, परत फिरलो बघ तुझ्यासाठी. नंतर मी पुष्कळ विचार केला. त्यात हाही आला, की समुद्राला द्यायला दिलेली वस्तू आम्ही त्याला दाखवून दाखवून परत घेत होतो. पण तेव्हा तसलं काही डोक्यात नव्हतं. तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा त्या होडीवर निर्धास्त होते.

शेवटी नारळ वर आला तेव्हा वारा पडला. पडायचाच होता, वेळ झाली होती. मतलई संपून समुद्राकडचा खारा वारा सुटेपर्यंत मधे अशी एक पोकळी असते. शिड ओल्या चादरीसारखं लोंबायला लागलं. पाणी तेलासारखं झालं. होडीच्या बुडाखाली चुबुक चुबुक एवढाच आवाज. जासिंत दोऱ्या गुंडाळत होता, नारळ त्याच्या पायाशी निथळत होता, मी डब्यातून पोळी काढत होते.

रियाचं बोट अजून वरच होतं.

"रिया, झालं बाळा. मेवणो वर आला."

"मेवणो इलो," ती म्हणाली. मान न वळवता.

"मग बोट खाली."

"ह्यो नाय इलो."

"कोण हा?"

"ह्यो." बोट तिथेच. "ह्यो थंय आसा तो."

जासिंत उठला, तिच्या खांद्यामागे वाकून बोटाच्या रेषेत बघू लागला. मीही बघितलं. ऊन पाण्यावर सपाट पसरलेलं. काही नाही. बाटली नाही, फळकूट नाही, पक्षीसुद्धा नाही.

"कासव असात," तो म्हणाला. "हंय असतत. वर येतत, श्वास घेतत, जातत." त्याने दुर्बीण काढली. बराच वेळ बघितलं. मग काच पुसून परत बघितलं.

"दिसलं?"

"गेला असात."

"नाय गेलो," रिया म्हणाली.

मी तिला उचलून घेतलं, दुसऱ्या बाजूला तोंड करून मांडीवर बसवलं. तिचा हात माझ्या खांद्यावरून मागे गेला, होकायंत्राची सुई जाते तसा. मी विज्ञान शिकवते हे सांगितलंच. मी तिच्या डोळ्यांवर माझा तळवा ठेवला, हसत हसत, आंधळी कोशिंबीर खेळल्यासारखं, आणि तिला घेऊन जागच्या जागी गोल फिरले, एकदा इकडून, एकदा तिकडून. थांबले. डोळे मी अजून झाकलेलेच होते. तिचा हात सावकाश हलला, पाण्यावरून फिरला आणि थांबला. त्याच जागी.

त्याच जागी नाही. हे माझ्या थोडं उशिरा लक्षात आलं. सुरुवातीला तिचं बोट क्षितिजाच्या जरा खाली होतं. आता ते आणखी खाली आलं होतं. वर्गात मी मुलांना दिव्याच्या खांबाची गंमत सांगते, लांबून बघितलं तर मान सरळ, जवळ गेलात तर मान वर. इथे उलटं. आपण उंचावर, वस्तू पाण्यावर. वस्तू लांब असेल तर हात आडवा. वस्तू जवळ येत असेल तर...

मी जासिंतकडे बघितलं. त्यालाही कळलं होतं. त्याला कोन वगैरे कळायला वर्ग लागत नाही.

"इंजिन लावतंय," तो म्हणाला. "भरती चुकली तर खाडीच्या तोंडार अडकान रवतलंव."

"हो. लाव."

इंजिन लागलं, होडी हलली. आणि रिया रडायला लागली. भीतीचं रडणं आईला ओळखता येतं, हे तसलं नव्हतं. आपल्याला कुणीतरी फसवलं की येतं तसलं होतं. हात ताठच, आता मागे वळलेला, आणि तोंड माझ्याकडे.

"मम्मा, तो रवलो! तू म्हटलंस इलंव! तू म्हटलंस सोडून नाय जाणंव! तू म्हटलंस!"

मी तिचा हात धरून खाली करायला गेले. एवढ्याशा हातात इतका जोर असतो का? तिने तो खाली येऊ दिला नाही. दुखत होता तिचा हात, मला दिसत होतं, दंडाचं मांस उडत होतं. पण मीच सांगितलं होतं. मम्माने सांगितलं तरी नाही.

आता मी काय करायला हवं होतं, हे मला आजही ठरवता येत नाही. तुम्ही असता तर होडी पुढेच काढली असती, बहुधा. शहाण्या माणसाने तेच केलं असतं. पण माझ्या मनात त्या क्षणी त्या पाण्यातल्या कुणाचाही विचार नव्हता, मला माझीच काळजी होती. मी आत्ता हिचं बोट जबरदस्तीने खाली केलं, तर ही एक गोष्ट कायमची शिकेल: की मोठी माणसं घाबरली की बोट खाली केलं तरी चालतं. की इलंव इलंव म्हणायचं असतं, यायचं नसतं. आणि मग कधी मी खरीच पाण्यात असेन, आणि ही कठड्याशी उभी असेल, आणि कुणीतरी म्हणेल, चल बाय, आता काही दिसत नाही, बोट खाली कर...

"जासिंत, होडी फिरव."

"वेडी झालंस काय?"

"खेळ पुरा करू. नुसतं नाटक. शिडी सोड, हात खाली घाल, वर ओढल्यासारखं कर. तिचं समाधान झालं की जाऊ."

त्याने इंजिन मंद केलं. त्याचंही पोर होतं रडणारं. होडी त्याने हळूच फिरवली, रियाच्या बोटावर. बोट खाली, अजून खाली येत गेलं, आणि मग शिडीच्या अगदी पायाशी, सरळ खाली थांबलं.

"हंय," रिया म्हणाली. रडं थांबलं होतं.

जासिंतने इंजिन बंद केलं, शिडी सोडली. गुडघे टेकून तो मागच्या काठावर बसला, बाही वर केली, आणि मोठ्या आवाजात, जत्रेतल्या नाटकात बोलतात तसं, म्हणाला, "ये रे बाबा! इलंव आमी! धर हात!"

त्याने कोपरापर्यंत हात पाण्यात घातला.

होडीला माणसाचं वजन कळतं. जासिंत पोहून परत येतो आणि शिडीच्या खालच्या पायरीवर पाय ठेवतो तेव्हा होडीची मागची बाजू जराशी दबते. तो चढेपर्यंत दबलेली राहते. मग त्याचं पाऊल आत पडलं की ती सरळ होते आणि एकदा डुलते. केबिनमध्ये डोळे मिटून पडलेली असले तरी मी सांगू शकते, आला. शिवाय वजन कुणाचं तेही सांगू शकते, जासिंतचं वेगळं, पाहुण्यांचं वेगळं.

पाणी तेलासारखं होतं. लाट नव्हती. जासिंत गुडघ्यावर बसलेला, हलला नव्हता.

होडी मागे दबली. अगदी थोडी. थांबली. सरळ झाली. मग एकदा डुलली.

जासिंतने हात बाहेर काढला. त्याच्या चेहऱ्याकडे मी बघितलं आणि लगेच दुसरीकडे बघितलं. रियाने बोट खाली केलं, दंड चोळला, म्हणाली, "दुखला," आणि बिस्किट मागितलं.

जासिंतने शिडी वर घेतली आणि इंजिन लावून होडी खाडीच्या तोंडाकडे काढली. इंजिनाचा आवाज होता, मला तो फार आवडला. रिया बिस्किट खात बसली, कुणाशी बोलली नाही, कुणाकडे बघितलं नाही, रिकाम्या जागेला बिस्किट देऊ केलं नाही. मी लक्ष ठेवून होते. फक्त एक वास येत होता. खारा नाही, मासळीचा नाही. मुलांचं डोकं न्हाऊ घातल्यावर नीट पुसलं नाही आणि तसंच झोपवलं, तर उशीला येतो तसा. मी रियाच्या केसांना नाक लावलं. कोरडे होते. उन्हाने गरम झालेले, बिस्किटाचा वास येणारे.

तेरेखोलच्या खाडीत शिरलो. दोन्हीकडे खारफुटी आली, पाणी हिरवं झालं, कुणीतरी काठावरून हात केला. जगात माणसं आहेत म्हटल्यावर मला थोडी हिंमत आली.

"लाट असेल," मी म्हणाले. "लांबून गेलेल्या एखाद्या ट्रॉलरची. अशी लाट फार उशिरा पोचते. त्याला कारण आहे."

"असात," जासिंत म्हणाला. त्याचा उजवा तळवा तो मघापासून चड्डीला पुसत होता. कोरडा कधीच झाला होता. थोड्या वेळाने, इंजिनाच्या आवाजात ऐकू येईल न येईल असं, तो म्हणाला, "रॉविना... तो हात बारको होतो गो. रियाच्या एवढो."

मी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

आरोंद्याच्या धक्क्याला सासूबाई उभ्या होत्या. वेरोनिका मांय. त्यांनी रियाला उचललं, माझ्याकडे बघितलं, लेकाला म्हणाल्या, "सुनेक सुकयलंस मरे, बांगड्यासारखी! एसटी बंद पडली काय मालवणात?" मला त्यांच्या गळ्यात पडून रडावंसं वाटलं. त्याऐवजी मी चण्यांचं पातेलं उचलून न्यायला मदत केली.

दिवस मावळताना लदीन सुरू झाली. खुरसाला पांढरा चुना काढलेला, झेंडूच्या माळा, पायरीवर मेणबत्त्या. वाडीतले क्रिस्टोफर काका व्हायोलीन घेऊन आले होते. एकेका संताचं नाव घेतलं जात होतं आणि सगळे एका सुरात उत्तर देत होते, आमच्यासाठी विनंती कर. खाडीवरून गार वारा येत होता. मेणबत्तीच्या उजेडात मी जासिंतकडे बघितलं. तो गात नव्हता. शेवटी मेलेल्यांसाठी प्रार्थना होते; ज्यांचं कुणी नाही त्यांच्यासाठीही एक होते. दर वर्षी मी ती म्हणते आणि त्या वेळी मनात चण्यांत मीठ बरोबर पडलंय का हा विचार असतो. यंदा तसं झालं नाही.

आपण ज्याला भीती म्हणतो ती आपल्या बाजूने असते. पलीकडून ती कशी दिसत असेल? या किनाऱ्यावरून किती होड्या गेल्या असतील. कितीजणांनी हाक मारली असेल आणि होडी पुढे गेली असेल, कुणी दुष्ट होतं म्हणून नव्हे, वारा होता म्हणून, अंधार होता म्हणून, कुणी बघितलंच नाही म्हणून. आणि मग एका सकाळी, कितीतरी काळानंतर, कुणीतरी बाई गळा काढून ओरडते आहे, इलंव रे, सोडून नाय जाणंव. होडी वळते आहे. पुन्हा वळते आहे. एक लहान मूल नेमकं आपल्याकडे बोट दाखवून उभं आहे. मी असते तर मीही पोहत आले असते.

असा विचार केल्यावर मला वाईट वाटलं, पण भीती गेली. खरंच गेली. उलट आपल्या हातून काहीतरी बरं झालं असं वाटायला लागलं. मी सासूबाईंकडून एक मेणबत्ती मागून घेतली आणि बाकीच्यांपासून जरा बाजूला, खालच्या पायरीवर लावली. नाव माहीत नव्हतं, नुसतं म्हटलं, त्याला त्याच्या घरी ने. क्रिस्टोफर काकांनी शेवटचं गाणं धरलं. रिया ओंजळीत चणे घेऊन आली, सगळे स्वतःच खाल्ले, मला एकही दिला नाही. इतकी माझी नेहमीची रिया होती ती, की मला हसू आलं.

माणसं पांगायला लागली. खुरसापासून उतार थेट धक्क्याकडे जातो. खाली 'सायबीण' बांधलेली दिसत होती, काळ्या पाण्यावर पांढरी, स्थिर. रिया माझ्या कडेवर होती, डोकं खांद्यावर, झोपेला आलेली. झोपेत गेली की उद्या तिला काही आठवणार नाही. मग विचारता येणार नाही. न विचारलेलं बरं, हे कळत होतं. पण मला ते ऐकायचं होतं. एकदा तिच्या तोंडून ऐकलं असतं की मी परतीच्या दिवशी त्या होडीवर पाय ठेवू शकले असते.

"रिया," मी तिच्या कानात म्हणाले, "सकाळचा तो... तो गेला ना गं, त्याच्या घरी?"

तिने डोकं उचललं. धक्क्याकडे बघितलं.

"नाय. होडयेर उभो आसा."

"काय करतोय?"

"बोट दाखवता."

"कुणाकडे, बाळा?"

"तेच्या मम्माकडे," रिया म्हणाली, आणि जांभई दिली. "ती आमच्या पाठसून पोवत येता मां. पप्पाक सांग, शिडी सोडूक."